अर्जुनाने आधी अंगाचं सांगितलं



आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय १, श्लोक २८ ते ४७.

शनिवारी माझी थेरपिस्टकडे पहिली अपॉइंटमेंट आहे. तिथे जाऊन बोलायचं काय, हे आठवडाभर डोक्यात घोळतंय, म्हणून मुद्दाम पहिला अध्याय काढला. पारायणात आपण तो भरभर उरकतो. खरी गीता म्हणे दुसऱ्यापासून! पण त्याचं नाव बघा, अर्जुनविषादयोग. विषादालासुद्धा योग म्हटलंय.

अर्जुन सुरुवात कुठून करतो? अंगापासून. हातपाय गळाले, तोंडाला कोरड पडली, कापरं भरलं, त्वचेची आग होतेय, धनुष्य हातातून सुटतंय, उभं राहवत नाही, मन गरगरतंय. ‘मी भित्रा आहे’ असा निकाल तो स्वतःवर देत नाही. जे होतंय ते सांगतो. कुलधर्म, पाप, पितर हे सगळे युक्तिवाद नंतर येतात, तेही एकमेकांत गुंतलेले. आणि श्रीकृष्ण? या अध्यायात त्यांचं एकच वाक्य आहे, जमलेल्या कौरवांकडे बघ म्हणून. मग अर्जुन धनुष्य टाकून रथात बसेपर्यंत ते मध्ये बोलत नाहीत.

थेरपिस्ट म्हणजे श्रीकृष्ण नव्हे, हे कळतं मला. ते दुसऱ्या अध्यायात आधी चांगलं झापतात, थेरपिस्ट तसं करत नाहीत (निदान करू नये!). पण तयारी अर्जुनासारखी करता येते. मी कागदावर लिहितोय : झोप किती वाजता मोडते, भूक कशी आहे, छातीत धडधड कधी होते, हे कधीपासून, कुठली औषधं चालू आहेत. ‘मला डिप्रेशन आहे’ हे लिहिलेलं नाही. ते ठरवणं त्यांचं काम.

विचारायचंही आहे. तुमचं शिक्षण काय, फी किती, मी सांगितलेलं कुणापर्यंत जातं? मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये गोपनीयतेचा हक्क आहे. जिवाला धोका असेल तर अपवाद होतो, म्हणून हे आधीच विचारलेलं बरं. गोळ्या लागतील का, हा प्रश्न मात्र मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांचा. समुपदेशक औषध लिहून देत नाहीत. आणि कुणाला शनिवारपर्यंत थांबणंच जड जात असेल, तर १४४१६ हा सरकारी टेली-मानसचा नंबर चोवीस तास चालू असतो, मोफत.

‘नाम घे, सगळं ठीक होईल’ म्हणणारे प्रेमानेच म्हणतात. पण साक्षात भगवंत सारथी असताना अर्जुनाचे हात कापले. भक्ती कमी पडली म्हणून कापले, असं गीतेत कुठेही नाही. दुसऱ्या अध्यायात तर तो म्हणतो, राज्य मिळालं तरी हा शोक जाईलसं दिसत नाही. एवढं बोलून गप्प बसतो. म्हणजे शब्द संपले तरी चालतं.

माझ्या कागदावर एक ओळ अजून लिहायची राहिलीय : जपाला बसलं की हल्ली रडू येतं, आणि देव लांब गेलाय असं वाटतं. थेरपिस्टला हे सांगायचं की नाही, यावर दोन दिवस गेले. आज रात्री लिहून टाकतो.

उद्या अध्याय २, श्लोक १ ते १०. जय हरी.