कुंकू लागलेले तिकीट

गेल्या वर्षी दसरा उलटून दिवाळीचे वेध लागले होते, त्या दिवसांतली गोष्ट. एस.टी.तून उतरता उतरता माझ्या सीटच्या फटीत मला लॉटरीचे एक तिकीट सापडले. दिवाळीच्या बंपर सोडतीचे. सोडतीला अजून नऊ दिवस होते. मी ते उचलले, खिशात टाकले आणि घरी येईपर्यंत विसरूनही गेलो. निदान पुढे सगळ्यांना मी असेच सांगितले. खरे म्हणजे वाटेत दोनदा मी खिसा चाचपून पाहिला होता.

घरी चहाच्या वेळी तिकीट बाहेर निघाले. तेव्हा दिसले, की त्याच्या एका कोपऱ्याला कुंकवाचे बोट लागले आहे. कुणीतरी ते देवापुढे ठेवले होते.

"बाबा, लागलं तर?" मुलीने लगेच विचारले. लागलेल्या पैशांत सायकल बसते का, एवढाच तिचा प्रश्न होता.

आई म्हणाली, "आपल्याला नको बाई कुणाचं. देवळातल्या पेटीत टाकून ये."

सौभाग्यवतींनी मात्र तिकीट उलटे करून पाहिले. मागे विकणाऱ्याचा शिक्का होता. आमच्याच गावच्या स्टँडावरच्या टपरीचा. "अहो, मग टपरीवाल्याला विचारा ना. ज्याचं त्याला जाईल."

टपरी माझ्या शाळेपासून दहा मिनिटांवर आहे. मी म्हणालो, "सोडत तर होऊ दे. मग बघू." आणि तिकीट शब्दकोशात ठेवून दिले.

वाचकहो, लॉटरी घ्यावी की घेऊ नये, हा आजचा विषय नव्हे. केरळ सरकारने १९६७ साली लॉटरी काढली आणि महाराष्ट्राने १९६९ साली. तेव्हापासून तो वाद चालू आहे आणि माझ्याने तो मिटणार नाही. वर्गात मी मुलांना लॉटरीच्या नादी लागू नका असेच सांगतो. पण जुगाराच्या वस्तूला कसली आली मालकी, असे म्हणून कुणी तिकीट खिशात घालू लागला तर ते काही पटत नाही. हरवणाऱ्याने पैसे शहाणपणाने खर्च केले की वेडेपणाने, याची चौकशी सापडणाऱ्याने कशाला करावी?

त्या नऊ दिवसांत माझ्या मनाने मात्र मोठी वकिली केली. पहिला मुद्दा असा, की तिकिटावर मालकाचे नाव नाही. मागच्या बाजूला नाव आणि सही करायला जागा असते, ती कोरी होती. जो तिकीट आणून दाखवील त्याला बक्षीस, असा सरकारचाच व्यवहार. मग ज्याच्या हाती तो मालक! हा मुद्दा मला दोन दिवस पुरला. तिसऱ्या दिवशी देवळात गेलो आणि बाहेर चपला ठेवल्यावर हातात बिल्ला मिळाला. बिल्ला आणील त्याला तो पोरगा चपला देतो, कुणाच्या म्हणून विचारत नाही. म्हणून काय माझा बिल्ला ज्याला सापडेल त्याच्या माझ्या चपला? ती त्या पोराची सोय आहे. लॉटरीच्या कचेरीचीही तशीच सोय आहे.

दुसरा मुद्दा नशिबाचा. तिकीट त्याच्या हातून सुटावे आणि नेमके मी बसलेल्या सीटच्या फटीत पडावे, हा दैवाचाच संकेत नव्हे काय? पण हाच संकेत खिसेकापूही सांगू शकेल, आणि त्याने तर थोडीफार मेहनतही केलेली असते.

आईचा देवळाच्या पेटीचा उपाय त्यातल्या त्यात सात्त्विक वाटला. पण हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवण्याचाच तो प्रकार. ज्या देवाला कुंकवाचे बोट लावून कुणी तरी विनवले, त्याच देवाला त्याचीच वस्तू माझ्या नावाने अर्पण करायची!

कायदा काय म्हणतो तेही मी पाहिले. १८६० च्या दंड संहितेचे कलम ४०३, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम ३१४, यांत सापडलेल्या वस्तूंची उदाहरणे दिली आहेत, आणि ती एखाद्या गोष्टीवेल्हाळ माणसाने लिहावीत तशी आहेत. हमरस्त्यावर एक रुपया सापडला, कुणाचा ते ठाऊक नाही, उचलला, गुन्हा नाही. पण जो दाखवील त्याला पैसे मिळावेत असा धनादेश सापडला, हरवणारा कोण याचा अंदाज नाही, तरी तो काढणाऱ्याचे नाव त्यावर आहे; त्याला विचारले तर पत्ता लागेल हे ठाऊक असून न विचारता पैसे घेतले, तर गुन्हा. हे वाचताना माझ्या डोळ्यांपुढे टपरीचा शिक्का उभा राहिला. कायदा काही साऱ्या गावात दवंडी पिटा म्हणत नाही. वाजवी प्रयत्न करा आणि वाजवी काळ थांबा, एवढेच म्हणतो. मनुस्मृतीत तर राजाने बेवारस धन तीन वर्षे सांभाळावे असे आहे. "माझे" म्हणत येणाऱ्याने त्याच्या खुणा सांगाव्यात, आणि खोटे सांगणाऱ्याला त्या वस्तूएवढाच दंड करावा. तिकिटाची खूण म्हणजे नंबर, आणि तो कोण पाठ करून ठेवतो? पण कुंकवाचे बोट त्याच्या धन्याला नक्की सांगता आले असते.

मग मी टपरीवर का गेलो नाही? आळस नव्हता. शाळेतून सुटल्यावर मी रोज स्टँडावर चहा प्यायला जात होतो. उत्तर त्या "मग बघू"मध्ये आहे. तिकीट न लागले तर परत करण्याजोगे काही उरणार नव्हते; लागले तर किती लागले ते पाहून मी कसा माणूस आहे ते ठरवणार होतो. पाचशे लागले असते तर परत केले असते, याची मला खात्री आहे. पन्नास लाखांची नाही. आधी भाव कळू दे, मग सचोटीचे पाहू, असा हा हिशेब होता.

२०२१ साली केरळातल्या एका तिकीट विकणाऱ्या बाईची बातमी सगळीकडे आली होती. एका गिऱ्हाइकाने फोनवरून तिकीट बाजूला ठेवायला सांगितले होते. त्याचे पैसेही अजून यायचे होते. त्याच तिकिटाला सहा कोटींचे पहिले बक्षीस लागले. तिकीट तिच्या हातात, नंबर तिला ठाऊक. तरी ती उठून त्याच्या घरी गेली आणि ते देऊन आली. लोकांनी वाहवा केली, मीही केली. आता वाटते, तिचा निर्णय सहा कोटी दिसल्यावर झालाच नसावा. "ठेवते बाजूला" म्हणाली तेव्हाच तो झाला होता. सहा कोटींना नंतर तिच्या घरात शिरायला जागाच उरली नव्हती. माझ्या घरात मी नऊ दिवस दार उघडे ठेवले होते.

सोडत झाली. मुलीने मोबाईलवर निकाल काढला. तिकिटाला काही म्हणजे काही लागले नव्हते. मला हायसे वाटले. पेपर अवघड गेलेला असावा आणि परीक्षाच रद्द व्हावी, तसे.

चार दिवसांनी, आता काहीच बिघडत नाही म्हणून, मी टपरीवर ही गोष्ट गमतीने सांगितली. टपरीवाला हसला नाही.

"तुमच्याकडं होतं होय गुरुजी? ती बाई तीनदा येऊन गेली. बुधवारच्या बाजारात भाजी घेऊन बसते बघा, पिंपळाखाली. म्हणते, माझंच लागलं आणि कुणीतरी पैसे घेऊन गेलं. नंबर काही तिला सांगता येईना. किती समजावलं, पण ऐकतच नाही."

मी माझ्या वकिलीत सगळे मुद्दे घेतले होते, हा एक सोडून. तिकिटाला काही लागले नाही, तेव्हा मी कुणाचे काही घेतले नाही, असेच मी धरून चाललो होतो. तिकीट जवळ असते तर सोडतीच्या संध्याकाळी "जाऊ दे" म्हणून तिने ते चुलीत घातले असते आणि दिवाळीच्या कामाला लागली असती. माझ्या शब्दकोशात ते पडून राहिले आणि तिच्या मनात बक्षीस लागले. ते बक्षीस आता कुठल्या कचेरीतून मिळणार नव्हते आणि कुठल्या निकालाने खोटेही ठरणार नव्हते. पुढे घरात पैशांची अडचण येईल तेव्हा तेव्हा तिला ते आठवले असते.

बुधवारी मी तिकीट आणि निकालाचा छापील कागद घेऊन पिंपळाखाली गेलो. म्हातारीच होती, मेथीच्या जुड्या बांधत होती. मी काही बोलण्याआधीच तिने तिकीट हातातून घेतले आणि कोपरा पाहिला.

"हेच. माझंच बोट हाय हे."

मी कागदावरचे नंबर तिला एक एक करून वाचून दाखवले. तिने सगळे ऐकून घेतले. मधेच एका गिऱ्हाइकाला दोन जुड्या दिल्या, पैसे पिशवीत टाकले.

"म्हंजी न्हाईच लागलं."

"नाही."

तिने तिकिटाची घडी घातली आणि चंचीत ठेवली. मग माझ्याकडे वर पाहिले.

"आनि गुरुजी, इतके दिस कुठं व्हतं हे?"

"पुस्तकात होतं," मी म्हणालो.