टायर काय सांगतो?



गेल्या वर्षी परतीच्या पावसातील एका रविवारची ही गोष्ट. मिस्सा संपली, पण पाऊस थांबेना. आम्ही काही जण आडोशाला उभे होतो. समोर मोटारसायकलींची रांग होती. बोलता बोलता विषय टायरवर आला. ‘टायर पाहिला की माणूस गाडी कशी चालवतो ते कळते,’ असे एकाने म्हटले आणि आम्ही एकेक टायर वाचू लागलो.

यात खोटे काही नाही. हवा जास्त भरली की टायरचा मधला पट्टा आधी झिजतो. हवा कमी असली की दोन्ही कडा झिजतात. सरळ रस्त्यावर फार धावणाऱ्या गाडीचा मागचा टायर मधोमध सपाट होतो. हतगड-सापुताऱ्याकडील वळणांवर गाडी कलवणाऱ्याच्या टायरची झीज कडेपर्यंत पोचते. झटक्याने ॲक्सिलरेटर पिळणाऱ्याचा मागचा टायर लवकर संपतो. आणि मागचा ब्रेक करकचून दाबणाऱ्याचे चाक फिरायचे थांबते, पण गाडी घासत पुढे जाते. अशा टायरवर एकाच जागी चपटा डाग पडतो.

त्या रांगेतील एका टायरवर असा डाग होता. गाडी आपल्याच धर्मग्रामातील एका तरुणाची. ‘पोरगा बेफाम चालवतो,’ असे आम्ही ठरवूनच टाकले. तो आला तेव्हा त्याला चार शब्द ऐकवलेही. त्याने मान खाली घालून सारे ऐकून घेतले. मग म्हणाला, ‘काका, पुढचा ब्रेकच नाही हो. केबल तुटलीय. छाटणीचे पैसे मिळाले की टाकतो.’ दिंडोरीकडील द्राक्षबागेत तो कामाला जात होता. त्याच गाडीवरून तो आईला दवाखान्यात नेत होता. आम्ही गप्प झालो.

टायर खोटे बोलला नव्हता. चाक जाम झाले, एवढे त्याने खरेच सांगितले. ते का जाम झाले, हे मात्र टायरला ठाऊक नव्हते. बाकीचे आम्ही आमच्या मनचे घातले. झीज ही कृतीची खूण आहे, हेतूची नाही. एकच डाग घमेंडीने पडतो आणि गरिबीनेही पडतो. गाडी जुनी घेतलेली असेल, तर तो आधीच्या मालकाचाही असू शकतो. माणसाच्या वागण्यावर दिसणाऱ्या खुणांचेही असेच नाही का? कुणी रागाने बोलतो, कुणी मिस्सेला येईनासा होतो, कुणी उसने पैसे वेळेवर देत नाही. खूण आपल्याला दिसते. कारण दिसत नाही.

मग खुणा पाहून गप्पच बसावे का? तसेही नाही. ब्रेक लावताना गाडीचा भार पुढे जातो, म्हणून गाडी थांबवण्याचे मोठे काम पुढचे चाक करते. वेग दुप्पट झाला तर ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला चौपट अंतर लागते. त्या मुलाच्या अडचणीने त्याचा दोष कमी झाला, पण मागे बसलेल्या आईचा आणि रस्त्याने चालणाऱ्या शाळकरी मुलांचा धोका कमी झाला नाही. म्हणून बोलायला हवेच होते. फक्त आमचे पहिले वाक्य निकालाचे न होता प्रश्नाचे असायला हवे होते: ‘बाबा, हे असे कसे झाले?’

आपल्या स्वतःच्या टायरची गोष्ट मात्र वेगळी आहे. तेथे कारणही आपल्याला ठाऊक असते. टायरच्या खाचा पावसाचे पाणी बाहेर काढतात. त्या गेल्या की ओल्या रस्त्यावर टायरची पकड जाते. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे दुचाकीच्या टायरची खाच ०.८ मिलिमीटरपेक्षा कमी असता कामा नये. ही खूण टायरच्या खाचेतच उंचवट्याच्या रूपाने दिलेली असते. ती दिसू लागली तरी, खिशात पैसे असतानाही, ‘अजून महिनाभर चालेल’ असे आपण म्हणतो. कोणी तर गुळगुळीत टायरवर नव्याने खाचा पाडून घेतो आणि गाडी विकून टाकतो. टायर वरून नवा दिसतो, आतून आणखी पातळ झालेला असतो. येथे हेतू कोणी विचारण्याची गरजच नाही. तो आपल्या मनाला पक्का माहीत असतो.

म्हणजे आपण उलटेच करतो. जेथे कारण माहीत नाही तेथे चटकन निकाल देतो आणि जेथे माहीत आहे तेथे स्वतःला सवलत देतो.

त्याच आठवड्यात आम्ही वर्गणी काढून त्या मुलाच्या गाडीला केबल टाकून दिली. त्याला आम्ही दान म्हणत नाही. न विचारता चार शब्द बोललो होतो, त्याचे ते देणे होते. त्याची माफीही मागितली. ते पैसे देण्यापेक्षा जड गेले.

आज घरी निघताना किक मारण्याआधी आपण सर्वांनी वाकून आपापला टायर एकदा पाहावा. शेजारच्या गाडीचा टायर झिजलेला दिसला, तर मालक येईपर्यंत थांबावे आणि आधी त्याला विचारावे.