डिचोलीवरून जाणारी वाट

नोव्हेंबरच्या अखेरीस बेळगाव, खानापूर, नंदगड या भागातून कॅथलिक भाविकांचे जथे पायी जुन्या गोव्याला निघतात. ३ डिसेंबरला संत फ्रान्सिस झेवियरचं फेस्त. त्याआधी २४ तारखेपासून नऊ दिवस नोव्हेना. जांबोटी, कणकुंबी, मग चोर्ला घाट उतरून साखळी, डिचोली आणि पुढे मांडवीकाठचं जुनं गोवं. शंभर किलोमीटरहून जास्त चाल होते. कुणी नवस फेडायला निघालेलं असतं, कुणी घरच्या आजारपणासाठी साकडं घालायला, कुणी वडील चालत जायचे म्हणून. पहाटेच्या थंडीत रोझरी सुरू होते, उन्हं चढली की गायनं, पायाला फोड आले की सोबतीचं कुणीतरी पट्टी बांधून देतं. पंढरीची वारी पाहत वाढलेल्या आपल्या मुलखात अशा चालण्याचं मोल कुणाला समजावून द्यावं लागत नाही.

या चालणाऱ्यांविषयी मला मनापासून आदर आहे, म्हणूनच दोन गोष्टी विचाराव्याशा वाटतात. डिचोलीतून जाताना त्या गावाचा आपल्या श्रद्धेशी काय संबंध आहे, हे किती जणांना माहीत असतं? आणि ४ डिसेंबरला घरी परतल्यावर या चालीतलं काय उरतं? संतांवर आपलं प्रेम आहे, त्यांच्या तसबिरींना हार आहेत. पण ते ज्या भांडणांत, ज्या गोंधळात जगले तो इतिहास वाचल्याशिवाय ते आपल्याला कळत नाहीत, आणि त्यांनी पाळला तसा एखादा नेम स्वतः पाळल्याशिवाय ते आपले होत नाहीत.

आधी डिचोलीचं. जुन्या गोव्यासमोर मांडवीत दिवाडी नावाचं बेट आहे. तिथल्या ब्राह्मण ख्रिस्ती घराण्यात सोळाव्या शतकाच्या शेवटी मातेउस द कास्त्रो जन्मला. त्याला धर्मगुरू व्हायचं होतं. गोव्याच्या आर्चबिशपांनी एतद्देशीय म्हणून नकार दिला. हा माणूस रोमला पोहोचला, तिथं शिकला, तिथंच त्याचा गुरुदीक्षाविधी झाला आणि १६३७ मध्ये तो बिशप झाला. लॅटिन परंपरेतला हा पहिला भारतीय बिशप. रोमने त्याला नेमलं आदिलशाहीच्या मुलखावर. बेळगाव तेव्हा आदिलशाहीत होतं, म्हणजे आपल्या या पट्ट्यासाठी नेमलेला पहिला बिशप दिवाडीचा होता. गोव्याच्या सत्तेनं त्याला मानलं नाही. म्हणून पोर्तुगीज हद्दीबाहेर, आदिलशाहीतल्या डिचोलीत त्यानं ठाण मांडलं.

नकारामागे वर्णाचा अहंकार होताच, पण त्याहून मोठी एक व्यवस्थाही होती. पूर्वेकडच्या ख्रिस्तसभेत बिशप नेमण्याचा, चर्च बांधण्याचा अधिकार पोपने पोर्तुगालच्या राजाला देऊन टाकला होता; त्याला पाद्रुआदो म्हणत. पुढे रोमला हे जड जाऊ लागलं. १६२२ मध्ये रोमने धर्मप्रसारासाठी स्वतःचं खातं काढलं, ते प्रोपगांदा. एकाच गावावर दोन अधिकार आले, आणि हा तंटा दोनशे वर्षांहून जास्त चालला.

कास्त्रोला नायक ठरवून मोकळं होणं सोपं आहे. तो अन्यायाविरुद्ध उभा राहिला हे खरं. पण त्याचा लढा मुख्यतः ब्राह्मण ख्रिश्चनांच्या मानासाठी होता, आणि डच व आदिलशाही यांना गोव्याविरुद्ध चिथावल्याचा आरोप पोर्तुगीजांनी त्याच्यावर केला. १६७७ मध्ये तो रोममध्ये वारला. ज्या संतासाठी आपण चालतो त्या झेवियरबद्दलही एक कटू सत्य आहे. गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मविरोधी ठरलेल्यांना शिक्षा करणारं न्यायासन, आणावं, असं १५४६ मध्ये त्यांनी पोर्तुगालच्या राजाला कळवलं होतं. ते न्यायासन त्यांच्या मृत्यूनंतर, १५६० मध्ये आलं आणि मधला थोडा काळ सोडला तर १८१२ पर्यंत राहिलं. गोव्याहून घाट चढून आलेल्या घराण्यांच्या स्थलांतरामागे करांचं ओझं, रोगराई, लढाया होत्या, तशी ही दहशतही होती. हे मुलांपासून दडवून त्यांची श्रद्धा वाढेल, असं मला वाटत नाही. आज ना उद्या ती हे कुठंतरी वाचणारच; आपल्या तोंडून ऐकलं तर त्यासोबत झेवियरनं कोळ्यांच्या वस्त्यांत आणि रुग्णांच्या उशाशी काढलेल्या रात्रीही ती ऐकतील.

आता पाद्रुआदो आणि प्रोपगांदाच्या त्याच भांडणातून वर आलेला एक संत पाहा. जुझे वाझ १६५१ मध्ये गोव्यातल्या बाणावलीत जन्मले, १६७६ मध्ये धर्मगुरू झाले. पुढच्याच वर्षी सांकवाळच्या चर्चमध्ये त्यांनी स्वतःला पवित्र मरियेचा दास म्हणून लिहून दिलं. १६८१ मध्ये गोव्याने त्यांना कानडा प्रांतात पाठवलं. तिथं रोमने नेमलेले बिशप होते तोमास द कास्त्रो, म्हणजे डिचोलीवाल्या मातेउसचे पुतणे. पुतण्यानं काकांचा वारसा चालवला होता आणि वाझांना पाठवलं होतं ते त्यांच्याविरुद्ध पाद्रुआदोची बाजू लावून धरायला. लोक दोन गटांत फुटलेले, कुणाचा बाप्तिस्मा खरा नि कुणाचं लग्न वैध यावर वाद. वाझांनी आपल्या वरिष्ठांची बाजू सोडली नाही, पण भांडण वेदीपर्यंत येऊ दिलं नाही. लोकांना मिस्सा आणि पापनिवेदन मिळत राहावं, यासाठी ते बिशपांशी बोलत राहिले. बाकीचा वेळ त्यांनी मंगळूर, बार्कूर, गंगोळी, कल्याणपूर या भागात चालण्यात, शाळा आणि पडकी चर्चं पुन्हा उभी करण्यात घालवला.

१६८४ मध्ये गोव्याला परतल्यावर ते ओरेटरीत आले. एतद्देशीय धर्मगुरूंचा हा लहानसा संघ संत फिलिप नेरी यांच्या वाटेनं जाणारा होता. इथंही इतिहास आपल्याला सुखानं बसू देत नाही, कारण या संघाची दारं ब्राह्मण घराण्यांसाठीच उघडी होती. जातीची भिंत बाप्तिस्म्यानं पडली नव्हती. सीमाभागातल्या आपल्या कुटुंबांत लग्न जुळवताना ती आजही पूर्ण पडलेली नाही.

१६८७ मध्ये वाझ मजुराच्या वेशात जाफन्याला उतरले. लंकेचा किनारा डचांच्या ताब्यात होता, कॅथलिक धर्मगुरूंना बंदी होती. उतरले ते आजारी पडूनच. बरे झाल्यावर रात्री घरोघर जाऊन मिस्सा करत. १६९२ मध्ये कँडीला गेले तर पोर्तुगीज हेर म्हणून कैद झाली. कैदेत ते सिंहली शिकले. १६९७ मध्ये देवीची साथ आली, माणसं आपल्या रोग्यांना रानात टाकून पळू लागली, तेव्हा हा म्हातारपणाकडे झुकलेला माणूस त्यांना धूत होता, खाऊ घालत होता, मेलेल्यांना पुरत होता. १६ जानेवारी १७११ रोजी कँडीतच त्यांचा अंत झाला. गोवा त्यांनी पुन्हा पाहिला नाही. १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संत घोषित केलं. त्यांच्या नावावर चमत्कारही सांगितले जातात, दुष्काळात पाऊस आणल्याची कथा लंकेत प्रसिद्ध आहे. मला मात्र त्या सगळ्याहून ती देवीची साथ मोठी वाटते. पाऊस मागून घेता येत नाही, पण रोग्याला धुणं रोज सकाळी उठून ठरवता येतं.

असं ठरवण्याची ताकद येते कुठून? इथं नेमाचा विषय येतो. बेळगावच्या कॅम्पातली सेंट पॉल्स शाळा १८५६ ची. येशूसंघाच्या, म्हणजे जेझुइट, फादरांच्या हाताखाली मराठी, कानडी, कोकणी, उर्दू घरांतली कितीतरी मुलं तिथं शिकली. त्या संघाचे संस्थापक संत इग्नाती लोयोला हे मुळात शिपाईगडी. १५२१ मध्ये पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्यानं पाय मोडला. अंथरुणावर वाचायला शौर्यकथा मागितल्या, मिळाली दोनच पुस्तकं, एक ख्रिस्तचरित्र आणि एक संतचरित्रांचं. वाचता वाचता त्यांना जाणवलं की दरबारी पराक्रमाच्या स्वप्नांनी मन थोडा वेळ फुलतं आणि मग कोरडं पडतं, संतांच्या विचारानं आलेली प्रसन्नता मात्र टिकते. त्या निरीक्षणातून पुढे त्यांची ‘आध्यात्मिक साधना’ तयार झाली. तिला १५४८ मध्ये पोपची मान्यता मिळाली.

त्या पुस्तकात एक साधा तक्ता आहे. तो मी प्रत्येक कुटुंबाला दाखवू इच्छितो. आठवड्यातल्या प्रत्येक दिवसासाठी दोन आडव्या रेघा, पहिली दुपारपर्यंतची, दुसरी रात्रीची. आपला एकच दोष निवडायचा, एका वेळी एकच: राग, चहाडी, खोटं बोलणं, दारू. सकाळी उठताना त्याची आठवण करायची. दिवसात तो दोष घडला की लगेच, कुणाच्या लक्षात येणार नाही असा, छातीवर हात ठेवायचा. दुपारच्या जेवणानंतर तास-तास आठवून जितक्या वेळा घडला तितके ठिपके पहिल्या रेघेवर, रात्री दुसऱ्या रेघेवर. मग रात्रीची रेघ दुपारच्या रेघेशी, आज कालशी, हा आठवडा मागच्या आठवड्याशी ताडून पाहायचा. इतकंच. यात भावना उचंबळून येण्याची वाट पाहावी लागत नाही. दुकानदार रात्री गल्ला मोजतो तसं हे आहे, आणि निपाणीच्या तंबाखू बाजारात आयुष्य गेलेल्या माणसाला हिशेबाचं महत्त्व वेगळं शिकवायला नको.

उपवासाचंही असंच. पोप पॉल सहावे यांनी १९६६ मध्ये उपवासाचे नियम सौम्य केले. आता भस्म बुधवार आणि पवित्र शुक्रवार हे दोनच दिवस बंधनाचे. त्या दिवशी एक पूर्ण जेवण आणि दोन वेळा थोडंसं खाणं, तेही १८ ते ५९ वयाच्या निरोगी माणसांना. मध्यरात्रीपासून पाणीही न घेता परमप्रसादाला जाणारी पिढी आपल्या घरांत अजून आहे. आज तो उपवास एका तासाचा उरला आहे. नियम सैल झाले ते प्रत्येकानं आपला नेम स्वतः निवडावा म्हणून. आपण सैलपणा तेवढा घेतला आणि निवड विसरलो. ही निवड कशी असते ते पाहायचं तर बेळगाव जिल्ह्यातल्या देशनूरला राहिलेले जेझुइट फादर आर्मांदो आल्वारिस, म्हणजेच स्वामी अनिमानंद, भगवी वस्त्रं नेसून शाकाहारी संन्याशासारखे जगले. बसवण्णांच्या मुलखात ख्रिस्त सांगायचा तर आधी आपलं ताट आणि आपली वस्त्रं बदलावी लागतील, हे त्यांनी ओळखलं होतं. त्यांच्या पद्धतीवर मतभेद असतील. त्यांच्या शिस्तीवर बोट ठेवणं कठीण आहे.

वाचनही नेमातच येतं. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोलला छापलं गेलं, मराठी ओव्यांत, जवळजवळ अकरा हजार ओव्या. त्या शतकातल्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज हाती नाही. ग्रंथ वाचला तो कुटुंबांनी हातांनी नकलून ठेवल्यामुळं. १९०७ मध्ये मंगळूरला तो रोमन लिपीत छापला गेला, १९५६ मध्ये पुण्यात शांताराम बंडेलूंनी देवनागरीत आणला. १९०३ पासून निघणारं ‘निरोप्या’ मासिक आहे, फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ आहे. मराठीत वाचायला काही नाही, ही सबब चालणारी नाही.

सीमा आपल्याला नवी नाही. १९५६ मध्ये बेळगाव-निपाणी म्हैसूर राज्यात गेलं, ती जखम सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्या तीन वर्षं आधी, १९ सप्टेंबर १९५३ रोजी, बेळगाव धर्मप्रांत स्थापन झाला, पुणे आणि गोवा या दोन्हीकडचा प्रदेश एकत्र करून. पाद्रुआदो आणि प्रोपगांदा यांच्या दोन वाटण्या इथं एका बिशपाखाली आल्या. २००५ मध्ये कोल्हापूर सिंधुदुर्ग धर्मप्रांतात गेलं. म्हणजे आज कोगनोळीचा नाका ओलांडला की राज्य बदलतं आणि बिशपही बदलतात. मिस्सा कोकणीत असावी, मराठीत की कन्नडमध्ये, यावर आपल्याकडे मनं दुखावतात. त्यावर माझं मत स्पष्ट आहे: प्रत्येकाला आपल्या भाषेत प्रार्थना मिळावी, आणि भाषेवरून कुणीही वेदीपासून दूर जाऊ नये. कानड्यात जुझे वाझांनीही भांडण असंच वेदीपासून दूर ठेवलं होतं.

इतिहास आणि नेम, दोन्हींची सुरुवात आपल्याच धर्मग्रामातल्या वह्यांपासून करता येईल. ख्रिस्तसभेत लग्नाच्या नोंदी ठेवण्याची सक्ती १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेनं केली. बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू यांच्या त्या वह्यांत आपली घराणी कुठून आली, कुणाला कुणी धर्मपिता म्हणून आधार दिला, कुठल्या साथीत किती माणसं गेली, हे लिहिलेलं असतं. येत्या उपवासकाळात प्रत्येक धर्मग्रामातल्या चार तरुणांनी फादरांची परवानगी घेऊन सगळ्यात जुनी वही उघडावी, रोज एक पान उतरवून काढावं, आणि त्या नावांपैकी ज्यांचे वंशज अजून गावात आहेत त्यांच्या घरी जाऊन आठवणी लिहून घ्याव्यात. चाळीस दिवसांत चाळीस पानं होतील. ती ‘निरोप्या’कडे पाठवा.