मशीन धुणारा माणूस



गेल्या पावसाळ्यात एके दिवशी पहाटे मी आपल्या धर्मग्रामातील एका काकांना डायलिसिससाठी घेऊन गेलो होतो. त्यांचा मुलगा बाहेरगावी होता. सहाची पहिली पाळी, म्हणून आम्ही साडेपाचलाच पोहोचलो. सव्वासहा झाले, साडेसहा झाले, तरी कोणालाही आत घेईनात. चौकशी केली तेव्हा कळले, की पाण्याच्या तपासणीत रंग आला आहे आणि टेक्निशियनने पाळी थांबवली आहे. बाहेर बसलेली मंडळी चिडली. कोणी रिक्षाला दोनशे रुपये मोजून आले होते, कोणी कामावर रजा टाकून आले होते. मलाही परत येऊन मिस्सा करायची होती. मी आत जाऊन म्हणालो, "अहो, कालपर्यंत हेच पाणी चालत होतं ना? आजचा दिवस चालवून घ्या." तो पंचवीस-सव्वीस वर्षांचा मुलगा माझ्याकडे न पाहता म्हणाला, "फादर, रंग आलाय."

त्यानंतर मी जे केले ते लिहायला संकोच वाटतो. मी त्याच्या वरिष्ठांना फोन लावला. पांढरा झगा घालणाऱ्याच्या शब्दाला आपल्याकडे वजन असते, ते मला ठाऊक होते. सुदैवाने त्यांनी फोन उचलला नाही. काका दुसऱ्या दिवशी गेले, व्यवस्थित डायलिसिस करून आले.

तो रंग कसला, हे मला नंतर समजले. पावसाळ्यात नळाचे पाणी गढूळ होते, म्हणून त्यात क्लोरीन जास्त टाकतात. ते पाणी आपण पितो तेव्हा काही बिघडत नाही, कारण मध्ये आपले पोट असते. डायलिसिसमध्ये मध्ये पोट नसते. रुग्णाचे रक्त आणि ते पाणी यांच्यामध्ये एक अतिशय पातळ पडदा असतो, एवढेच. मशीनमधून मिनिटाला साधारण अर्धा लिटर द्राव जातो. चार तासांचे १२० लिटर झाले. आठवड्यातून तीन वेळा म्हणजे ३६० लिटर. तुम्ही-आम्ही आठवड्याला पंधरा-वीस लिटर पाणी पितो. त्या पाण्यात क्लोरीन किंवा क्लोरामीन राहिले, तर रक्तातील तांबड्या पेशी फुटू लागतात. अमेरिकेत फिलाडेल्फियातील एका केंद्रात १९८७ साली हेच घडले आणि कित्येक रुग्णांना रक्त चढवावे लागले. म्हणून पाणी आधी कोळशाच्या टाक्यांतून आणि मग आर.ओ.मधून नेतात. कोळसा हळूहळू निकामी होतो. तो कधी निकामी होईल हे बाहेरून दिसत नाही. म्हणून प्रत्येक पाळीच्या आधी थोडे पाणी घेऊन त्यात पट्टी बुडवायची आणि रंग येतो का ते पाहायचे. काम दोन-चार मिनिटांचे.

याहून भयंकर गोष्ट ब्राझीलमधील कारुआरू शहरात १९९६ साली घडली. पाण्याची टंचाई होती. तलावाचे पाणी अर्धवट शुद्ध करून टँकरने डायलिसिस केंद्राला पुरवले गेले. तलावात निळ्या-हिरव्या शेवाळाचे विष होते आणि केंद्रातील गाळण्यांनी ते अडवले नाही. १३१ रुग्णांपैकी ११६ जणांना त्रास झाला, त्यातील १०० जणांचे यकृत निकामी झाले. वर्ष संपेपर्यंत ७६ जण मरण पावले होते. त्यांपैकी ५२ मृत्यू या विषामुळे झाले असे तपास करणाऱ्यांनी ठरवले. जगण्यासाठी म्हणून ही माणसे त्या खुर्चीवर बसली होती.

मी सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलो. तिथे डायलिसिसचा उल्लेख एका प्रसिद्ध उदाहरणात येतो. १९६२ साली अमेरिकेतील सिएटल शहरात कृत्रिम मूत्रपिंडाचे केंद्र सुरू झाले. मशिने थोडी, रुग्ण पुष्कळ. तेव्हा कोणाला मशीन द्यायचे हे ठरवण्यासाठी सात नागरिकांची समिती नेमली गेली. त्यात वकील होता, बँकर होता, गृहिणी होती, पाळकही होता. लग्न झाले आहे का, मुले किती, मिळकत किती, शिक्षण किती, हे पाहून ते माणसाच्या जगण्या-मरण्याचा निर्णय घेत. यावर आम्ही वर्गात तावातावाने वाद घातले. मशीन कोण धुणार, हा प्रश्न आमच्यापैकी कोणालाही सुचला नाही. आमच्या प्राध्यापकांनाही नाही. आम्हा तत्त्वज्ञानाच्या माणसांना चौरस्ते आवडतात, जिथे उजवीकडे जायचे की डावीकडे हा पेच असतो. रोज त्याच रस्त्याने नीट चालणाऱ्याबद्दल आमच्याकडे बोलण्यासारखे फार नसते.

परंतु त्या रोजच्या कामातही एक पेच आहे, आणि तो मला सिएटलच्या पेचाहून कठीण वाटतो. समजा, तीनशे दिवस पट्टीला रंग आला नाही. तीनशे एकाव्या दिवशी पट्टी न बुडवता वहीत 'ठीक' असे लिहिले, तर बहुधा काहीच होणार नाही. आळशी माणूस बहुतेक दिवशी बरोबर ठरतो, हीच तर अडचण आहे. चूक झालीच तर तीही ताबडतोब समोर येईलच असे नाही. दोन रुग्णांच्या मध्ये खुर्ची, मशीन, रक्तदाबाचा पट्टा पुसायचा राहिला आणि एखाद्याला हिपॅटायटीस सी झाला, तर ते महिन्यांनी रक्ततपासणीत दिसते. तेव्हा कोणता दिवस, कोणती पाळी, कोणाचा हात, हे शोधणे फार कठीण असते. ज्याने टाळाटाळ केली, तो रात्री शांत झोपलेला असतो.

प्लेटोच्या 'रिपब्लिक' ग्रंथात गायजिस नावाच्या मेंढपाळाची कथा आहे. त्याला अदृश्य करणारी अंगठी मिळते आणि कोणी पाहत नाही म्हटल्यावर तो वाटेल ते करतो. प्लेटोचा प्रश्न असा, की अशी अंगठी मिळूनही माणूस न्यायाने वागेल का? मला वाटते, पहाटे पाच वाजता पाण्याच्या खोलीत एकटा उभा असलेला टेक्निशियन ती अंगठी रोज घालतो आणि रोज काढून ठेवतो. गायजिसला राज्य मिळाले. याला काय मिळते? काम नीट झाले तर काहीच घडत नाही, आणि काहीच न घडण्याबद्दल कोणी कोणाचे आभार मानत नाही. ज्या एका दिवशी त्याचे काम सर्वांना दिसले, त्या दिवशी त्याला शिव्या मिळाल्या. आणि धर्मगुरूचा दबाव.

काकांनी मला आणखी एक गोष्ट दाखवली. आपल्याकडे खर्चामुळे अनेक ठिकाणी एकच डायलायझर त्याच रुग्णासाठी धुऊन पुन्हा वापरतात. त्यावर रुग्णाचे नाव असते. धुतल्यावर त्याची मोजणी करायची आणि मूळ क्षमतेच्या ऐंशी टक्क्यांपेक्षा कमी भरला तर टाकून द्यायचा. जंतुनाशक भरून ठेवायचे, आणि पुढच्या वेळी ते पूर्ण निघून गेले की नाही हे पुन्हा तपासायचे. काका प्रत्येक वेळी चष्मा लावून त्यावरचे आपले नाव स्वतः वाचतात. "विश्वास आहे हो फादर, पण नाव वाचायला काय जातं?" असे म्हणतात. टेक्निशियन त्यांच्यावर रागावत नाही. तोच डायलायझर त्यांच्यापुढे धरतो.

मिस्सेच्या सुरुवातीला आपण केलेल्या पापांबरोबर न केलेल्या कर्तव्यांबद्दलही क्षमा मागतो. कबुलीजबाबाला बसल्यावर मात्र न केलेल्या गोष्टी क्वचितच ऐकायला मिळतात. मीही त्या क्वचितच सांगतो. कम्युनियननंतर मी चषक धुतो, पुसतो, तेव्हा सारे मंदिर माझ्याकडे पाहत असते. मी ते काळजीपूर्वक करतो, यात माझे मोठेपण काय? प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, ते आपण पुण्यगुरुवारी वेदीसमोर, फोटोग्राफरच्या साक्षीने साजरे करतो. (मी फोटोग्राफरच्या विरोधात नाही, पण गर्दी जरा कमी करता येईल.)

इथे एक आक्षेप येतो आणि तो बरोबर आहे. केंद्राने पट्ट्याच वेळेवर आणल्या नाहीत, दोन पाळ्यांच्या मध्ये वीसच मिनिटे ठेवली, एका माणसावर दहा मशिने टाकली, तर त्या मुलाच्या सदसद्विवेकबुद्धीने काय करायचे? मशीन आतून जंतुमुक्त करायलाच अर्धा तास लागू शकतो. दुसऱ्याच्या प्रामाणिकपणाच्या जिवावर आपले पैसे वाचवणे हेही पापच आहे, आणि त्यात मशीन चालवणाऱ्या संस्थेबरोबर लवकर आटपा म्हणणारे आपणही येतो.

हे सारे आज लिहिण्याचे कारण असे. आपल्या मंदिराच्या सणानिमित्त जमलेल्या निधीतून एका धर्मादाय इस्पितळाला डायलिसिस मशीन भेट द्यावे, अशी सूचना पॅरिश कौन्सिलपुढे आली आहे. सूचना चांगली आहे. शासनाच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसते, तरी खुर्च्या अपुऱ्या पडतात, हे आपण पाहतोच. मशीनवर धर्मग्रामाच्या नावाची पितळी पाटी लावावी, असेही ठरत आहे. मी त्या इस्पितळाला विचारले, की तुम्हाला कशाची जास्त गरज आहे? त्यांनी सांगितले, की मशिने आहेत. कोळसा वेळेवर बदलणे, आर.ओ.चे पडदे, पाण्याची दरमहा प्रयोगशाळेत तपासणी आणि आणखी एका टेक्निशियनचा पगार, यांना देणगीदार मिळत नाही. कोळशाच्या टाकीवर पाटी लावता येते की नाही, हे मी विचारले नाही.

त्या मुलाला मी महिन्याभराने भेटलो आणि झाल्या गोष्टीबद्दल क्षमा मागितली. तो पाण्याच्या खोलीत होता. "ठीक आहे फादर," म्हणाला, "जरा थांबा हं, वेळ लावलीय," आणि हातातल्या पट्टीकडे पाहत राहिला. मी थांबलो.

पुढील रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर हॉलमध्ये या निधीविषयी बैठक आहे. कौन्सिलच्या सभासदांबरोबरच ज्यांच्या घरी डायलिसिसचा रुग्ण आहे, त्यांनी अवश्य यावे. काका येणार आहेत. रविवार त्यांच्या सुट्टीचा दिवस असतो.

आपला,
प्रमुख धर्मगुरू