सक्तीची सचोटी

महाभारताच्या शांतिपर्वात जाजली नावाच्या तपस्व्याची कथा आहे. त्याने इतके निश्चल तप केले की पक्ष्यांनी त्याच्या जटांत घरटे बांधून पिले वाढविली; आणि या सिद्धीचा अहंकार त्याच्या ठायी उपजताच आकाशवाणीने त्याला धर्म शिकण्यासाठी पाठविले, ते कोणा ऋषीच्या आश्रमात नव्हे, तर वाराणसीच्या तुलाधार नावाच्या वाण्याच्या दुकानी. मद्य वर्ज्य करून रस व सुगंधी द्रव्ये विकणारा हा दुकानदार आपली तुला सर्व भूतांच्या ठायी सम असल्याचे त्या तपस्व्याला सांगतो. व्यापाऱ्याला एवढा मान आपल्या वाङ्मयात क्वचितच कोठे मिळाला असेल. मात्र तुलाधाराच्या दुकानात वजनमापांचा निरीक्षक येत असल्याचा उल्लेख त्या कथेत नाही. काटा मारावयास तो मोकळा होता आणि तरीही मारीत नव्हता, यातच त्याच्या समत्वाचे मोल आहे. ज्या व्यवहारात लबाडीला वावच ठेवलेला नाही, त्यातील सचोटीला आपण धर्म म्हणावे काय, हा प्रश्न लहान व मध्यम उद्योगांचा व्यापार विद्युत्‌यंत्रांच्या स्वाधीन होत असताना मला वारंवार पडतो.

जुन्या पेढ्यांचा व्यवहार हुंडीवर चाले. दर्शनी हुंडी दाखविताच सकारली जाई, मुदती हुंडी मुदत भरल्यावर, तर शाहजोग हुंडीचे पैसे केवळ पतदार सावकाराच्याच हाती पडत; हुंडी गहाळ झाली तर पैठ आणि तीही गहाळ झाली तर परपैठ लिहून देण्याचा रिवाज होता. या साऱ्या कागदांच्या मागे उभी असे ती लिहिणाऱ्याची पत. नरसी मेहत्याने द्वारकेच्या शामळशा शेटजीच्या नावे हुंडी लिहिली आणि प्रत्यक्ष भगवंताने शेटजीचे रूप घेऊन ती सकारली, ही कथा महिपतीने ‘भक्तविजया’त सांगितली आहे; श्रद्धेची परमावधी वर्णावयाची तर भक्तांच्या परंपरेलाही पेढीवरचा दस्तऐवजच जवळचा वाटला! परंतु या विश्वासाचे गोडवे गाताना आपण हे सोयीस्करपणे विसरतो की तो जातीच्या, गोताच्या आणि पेठेच्या कुंपणात वाढलेला होता. कुंपणाबाहेरच्या कारागिराची सचोटी कितीही निखळ असली, तरी त्याची हुंडी कोणी सकारीत नसे.

रिझर्व्ह बँकेने २०१४ च्या डिसेंबरात ज्या व्यवस्थेचे नियम घालून दिले आणि जी २०१७ पासून प्रत्यक्ष चालू झाली, ती ‘ट्रेड्स’ नावाची व्यवस्था म्हणजे हुंडीचाच नवा अवतार होय. भोसरीतला सुटे भाग घडविणारा लहान कारखानदार मोठ्या कंपनीला माल देतो, त्याचे बिल संगणकावर चढवितो, कंपनी ते मान्य करते, मग त्या बिलावर बँका व वित्तसंस्था व्याजदराची बोली लावतात आणि सर्वांत सोयीची बोली पत्करणाऱ्या कारखानदाराच्या खात्यात बहुधा दुसऱ्याच दिवशी रक्कम जमा होते. मुदत भरल्यावर कंपनीने पैसे बुडविले, तरी वित्तसंस्थेला कारखानदाराकडे तगादा लावता येत नाही. येथे त्याची जात कोणी विचारीत नाही, जामीन मागत नाही, ओळखदेखही पाहत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे. तत्त्वज्ञ कांटने १७८५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या नीतिविषयक ग्रंथात एका दुकानदाराचे उदाहरण घेतले आहे. अजाण गिऱ्हाइकालाही तो वाजवी भावानेच माल देतो. पण गिऱ्हाईक टिकावे एवढ्याच हेतूने देत असेल, तर त्याचे कृत्य कर्तव्याला अनुरूप असूनही कर्तव्यबुद्धीने घडलेले ठरत नाही. कांटच्या दुकानदाराला निदान लबाडी करता तरी येत होती. यंत्राच्या पुढे बसलेल्याला पुष्कळदा तेवढीही मोकळीक नसते. तेव्हा काटेकोर तत्त्वविचाराच्या दृष्टीने या व्यवहारात पुण्य नाही, हे मला मान्य आहे. पण त्याचा शोक मला होत नाही. सावकाराच्या सद्गुणावर ज्याची चूल अवलंबून आहे, त्याला सावकाराच्या पुण्यसंचयापेक्षा वेळेवर मिळालेला पैसा अधिक मोलाचा वाटला, तर त्याला अधार्मिक कोण म्हणेल?

खरा पेच निराळाच आहे. या व्यवस्थेत विक्रेत्याचा सारा व्यवहार उजेडात येतो. कंपनीने मात्र बिल मान्य केले नाही तर बोलीच लागत नाही. ५०० कोटींहून अधिक उलाढाल असलेल्या कंपन्यांवर २०१८ साली नोंदणीची सक्ती झाली, २०२४ मध्ये ती मर्यादा २५० कोटींवर आणली गेली. परंतु या दोन्ही आदेशांतली सक्ती केवळ नोंदणीची होती, तेथे बिले मान्य करण्याची नव्हती. लघुउद्योगांविषयीचा २००६ चा कायदा सांगतो की लहान उत्पादकाचे पैसे फार तर ४५ दिवसांत द्यावेत, न दिल्यास बँकदराच्या तिप्पट दराने दरमहा चक्रवाढ व्याज द्यावे. आणि तरीही पुढची ऑर्डर हातची जाईल या धास्तीने कित्येक कारखानदार त्या व्याजाची मागणीच करीत नाहीत. म्हणजे यंत्राने दुर्बळाला लबाडीस जागा ठेवली नाही, आणि बलवानाला मौनाची मुभा तशीच ठेवली. तुलाधाराचे स्वातंत्र्य आज कोणापाशी उरले असेल, तर ते या मान्यता देणाऱ्या हातापाशी.

म्हणून कारकुनापासून संचालकापर्यंत ज्यांच्या हाती ही मान्यता आहे, त्यांना एवढीच विनंती करावीशी वाटते की, सरकारच्या पुढच्या फर्मानाची वाट न पाहता, माल पसंत पडेल त्याच दिवशी त्यांनी बिल मान्य करावे.