शाफ्ट कशासाठी?

मला जाड ड्राइव्हशाफ्ट बसवायचा आहे, आणि विचारणाऱ्याला मी ‘सेफ्टीसाठी’ असं सांगतो. हे उत्तर आज जरा उलटून पाहतोय.

गाडी ऑक्टाव्हिया आरएस 230. कंपनीतूनच 230 पीएस आणि 350 न्यूटन-मीटर टॉर्क घेऊन आलेली, सगळी ताकद पुढच्या चाकांवर. ट्यूनिंगवाला म्हणतो, इंजिनाचा मॅप बदलून ताकद तीनशे पीएसच्या वर नेऊ, पण आधी ड्राइव्हशाफ्ट बदला. त्याचं गणित चुकीचं नाही. इंजिनाचा टॉर्क शाफ्टवर जसाच्या तसा येत नाही, गिअर तो वाढवतात. पहिल्या गिअरमध्ये बारा पट धरला, तर 350 चे 4,200 होतात. एकेका शाफ्टच्या वाट्याला 2,100. जागेवरून झटक्यात सुटलं की धक्का त्याहून मोठा, आणि स्टीअरिंग वळलेलं असेल तर शाफ्टच्या चाकाकडच्या टोकाचा सीव्ही जॉइंट आधी कुरकुरतो. भरीव शाफ्टची पीळ सोसायची ताकद व्यासाच्या घनानुसार वाढते: व्यास दहा टक्क्यांनी वाढवला की ताकद तेहतीस टक्क्यांनी. क्रोमोली पोलाद घेतलं तर आणखी. इथवर मी अभ्यासू माणूस असतो आणि स्वतःवर बेहद्द खूश असतो.

पण शाफ्ट वाचला तर तो धक्का जातो कुठे? गिअरबॉक्सकडे, डिफरन्शिअलकडे. घरातला फ्यूज काढून तिथे जाड तार घालावी तसं.

आणि हा झटका मुलुंडमध्ये द्यायचा कुठे? एलबीएस रोडवर? की गोरेगाव-मुलुंड लिंक रोडला सिग्नल सुटताना, शेजारी बेस्टची बस आणि पुढे पिशव्या सावरत रस्ता ओलांडणारी माणसं असताना? अटल सेतूवरही मर्यादा ताशी 100 ची. तिला आहे त्याच्या निम्मी ताकदही पुरते. लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’मध्ये पाव मैलाच्या शर्यती झाल्या. तिथे गाडी सोडणाऱ्याला असा शाफ्ट लागतो, हे मान्य. मी कुठेच नाव दिलेलं नाही. द्यायचा विचारसुद्धा शाफ्टची किंमत कळल्यावर सुचला, घरी सांगायला कारण म्हणून.

मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मला माहीत आहे: नोंदणीतले तपशील कंपनीच्या मूळ तपशिलांपासून वेगळे पडतील असा बदल करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. तरी विम्याच्या फॉर्मवर वाढलेली ताकद लिहिणार का, असं स्वतःला विचारलं, तर मन लगेच शाफ्टच्या व्यासाकडे पळतं. तिथेच काय ते समजतं. सेफ्टीच हवी असती, तर आधी ब्रेक पॅड पाहिले असते. टायरवर छापलेली उत्पादनाची तारीख मी अजून वाचलेलीसुद्धा नाही! मला हवंय ते एवढंच, की सिग्नलला शेजारच्या गाडीतल्याने मान वळवून पाहावं. ही हौस आहे. तिला सेफ्टी म्हणून मी ट्यूनिंगवाल्याला नाही, बायकोला फसवतोय. आणि मागच्या सीटवर बसते ती माझी मुलगी.

तेव्हा ऑर्डर देत नाही, मॅपही नाही. सीव्ही जॉइंटवरचे रबरी बूट फाटलेत का, ग्रीस बाहेर आलंय का, एवढं बघून कंपनीचे शाफ्ट तसेच ठेवायचे आणि त्या पैशांत आधी टायर बदलायचे. पुढे कधी धावपट्टीवर रीतसर नाव दिलंच, तर शाफ्टचा विषय तेव्हा.