कुरैनचे घर आणि हौतात्म्याची नोंदवही

कुवेत शहराच्या दक्षिणेकडील कुरैन या वसाहतीतले एक साधे निवासी घर आज ‘बैत अल-कुरैन’, म्हणजे कुरैनचे घर, या नावाने हुतात्मा संग्रहालय म्हणून जपले जाते. ऑगस्ट १९९० ते फेब्रुवारी १९९१ या इराकी ताब्याच्या काळाची आठवण देणाऱ्या कुवेतमधील वास्तूंत त्याचे स्थान वेगळे आहे, कारण ते स्मारक म्हणून कोणी उभारलेले नाही. या घरात झालेली लढाई संपली तेव्हा ते जसे उरले, तसेच ते राखण्याचा निर्णय शासनाने घेतला.

२४ फेब्रुवारी १९९१ रोजी, म्हणजे बहुराष्ट्रीय आघाडीच्या फौजांनी जमिनीवरील चढाई सुरू केली त्याच दिवशी, ‘अल-मसीला’ या प्रतिकार गटाचे १९ जण या घरात असताना इराकी तुकडीशी त्यांची गाठ पडली आणि सकाळी सुरू झालेली लढत सुमारे दहा तास चालली. हलकी शस्त्रे हाती असलेल्या या नागरिकांविरुद्ध इराकी सैन्याला रणगाडा आणावा लागला. तिघे लढतानाच पडले, पकडल्या गेलेल्या नऊ जणांना छळ करून ठार मारण्यात आले, सात जण वाचले. आणि अवघ्या दोन दिवसांनी, २६ फेब्रुवारीला, कुवेत मुक्त झाले. युद्धाचा निकाल या लढतीने बदलला नाही, हे मान्य करायला हवे. तरीही कुवेती समाजमनात तिला जे मोल आले, त्यामागे गटात सुन्नी आणि शिया अशा दोन्ही पंथांचे लोक होते, ही गोष्ट महत्त्वाची आहे.

तोफगोळ्यांनी पडलेली भगदाडे आणि गोळ्यांनी चाळण झालेल्या भिंती तेथे तशाच ठेवलेल्या आहेत. महाराष्ट्रातील वीरगळाशी, म्हणजे गावासाठी किंवा गोधनासाठी लढता लढता पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभारलेल्या कोरीव शिळेशी, याची तुलना उद्बोधक ठरते. वीरगळावर सामान्यतः खालच्या चौकटीत युद्ध, मधल्या चौकटीत अप्सरांसह स्वर्गारोहण आणि वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा असते, म्हणजे मृत्यूचा अर्थ शिल्पकारानेच पूर्ण करून दिलेला असतो. कुरैनच्या घरात मात्र खालचीच चौकट आहे, आणि या वास्तूचा प्रामाणिकपणा त्यातच आहे, असे म्हणता येईल.

वरच्या चौकटीचे काम कुवेतमध्ये शासन करते. १९९१ मध्येच अमिरी दिवाणाच्या, म्हणजे अमिरांच्या कार्यालयाच्या, अखत्यारीत ‘हुतात्मा कार्यालय’ स्थापन झाले. कोणाला हुतात्मा मानायचे हे ठरवणे आणि त्याच्या कुटुंबाचा सांभाळ करणे हे त्याचे काम. १९५७ मध्ये पाडलेल्या शहरतटाच्या जागी राहिलेल्या हरित पट्ट्यात २०१५ मध्ये खुले झालेले ‘अल-शहीद’ उद्यान हे या अधिकृत स्मरणाचे देखणे रूप होय. हिरवळ, जलाशय आणि संग्रहालये यांनी ते सजलेले आहे. मात्र तेथे फिरायला येणाऱ्यास युद्धाची धग क्वचितच जाणवत असेल.

खरा प्रश्न हुतात्म्यांच्या नोंदवहीचा, म्हणजे तीत कोणाची नावे येतात याचा आहे, आणि तो सौंदर्यदृष्टीपेक्षा अवघड आहे. ‘बिदुन’, म्हणजे कोणत्याही देशाचे नागरिकत्व नसलेले रहिवासी, हे १९९० पूर्वी कुवेती सैन्याच्या खालच्या श्रेणींत मोठ्या संख्येने होते. त्यांतले अनेक आक्रमणात मारले गेले, पण मुक्ततेनंतर त्यांच्याच समाजाकडे संशयाने पाहिले गेले आणि पुष्कळांना सैन्यातून काढण्यात आले. ताब्याच्या काळात इराकने नेलेल्या ६०५ बेपत्ता व्यक्तींच्या यादीतही कुवेतींबरोबर इतर देशांचे नागरिक होते, आणि म्हणूनच संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या १९९९ च्या १२८४ क्रमांकाच्या ठरावात कुवेतींसह ‘तिसऱ्या देशांच्या नागरिकां’चा उल्लेख करावा लागला. २००३ नंतर इराकमधील सामूहिक कबरी उघडल्या गेल्या, तेव्हा अवशेषांची ओळख डीएनए चाचणीने पटवण्यात आली. ही चाचणी रक्ताचे नाते सांगते. पारपत्र कोणत्या देशाचे होते, याच्याशी तिला कर्तव्य नसते.

हुतात्म्यांच्या नोंदीत बिदुनांची नावे आहेत, ही हुतात्मा कार्यालयाची जमेची बाजू. परंतु मृताला मिळालेला हा मान त्याच्या हयात भावंडांना नागरिकत्वाचा हक्क देत नाही. नागरिकत्व देणे वा न देणे हा शासनाच्या मर्जीचा विषय राहिला आहे, आणि बिदुनांच्या प्रश्नाची चर्चा कुवेतमध्ये स्मारकांच्या संदर्भात फारशी होत नाही.